परतीची गाडी आणि बेरी पुलाव

सफाळ्याचा माणूस मुंबईत काय जेवला, हे त्याला विचारायची गरज नसते. परतीची गाडी कितीची होती, तेवढं विचारावं. दुपारची असेल तर वडापाव, संध्याकाळची असेल तर मिसळ, रात्रीची असेल तर थाळी. आणि शेवटची असेल तर काहीच नाही, कारण शेवटची गाडी आहे या धास्तीनंच त्याचं पोट भरलेलं असतं.

मुंबईकरांना हे समजत नाही, यात त्यांचा दोष नाही. चर्चगेट ते विरार या ६० किलोमीटरांत एक लोकल चुकली की मागून दुसरी येताना दिसते. विरारपुढे वैतरणा, खाडीवरचा पूल ओलांडला की सफाळे. नकाशावर बोटभर अंतर. पण विरारपर्यंत चार मार्ग आणि पुढे दोनच. त्या दोन मार्गांवर राजधानी, वंदे भारत, गुजरातेतल्या मालगाड्या आणि उरलेल्या फटीत आम्ही. चार मार्ग करायचं काम चालू आहे. ते चालूच असतं. १६ एप्रिल २०१३ला डहाणूपर्यंत लोकल धावली तेव्हा आमच्या घरी पेढे आले होते. लोकल आली खरी, पण दोन गाड्यांमधलं अंतर काही लोकलचं झालं नाही. एक निघून गेली की दुसरी येईपर्यंत घरी जाऊन साबुदाणा भिजत घालता येतो.

म्हणून मुंबईत कुठे खायचं, याची बैठक आमच्याकडे चांगली आठवडाभर आधी बसते. यंदा निमित्त होतं चुलत बहिणीच्या लग्नाच्या बस्त्याचं. साड्या कुठल्या घ्यायच्या हा विषय बायकांनी दहा मिनिटांत संपवला. पुढचे दोन तास जेवणावर गेले.

पहिला वाद दिशेचा. सफाळ्याच्या फलाटावर उभं राहिलं की डाव्या-उजव्या हाताला दोन शहरं आहेत. एकीकडे मुंबई, दुसरीकडे सुरत. विरारहून सुटणारी सुरत शटल आमच्याकडे थांबते, आणि साड्या म्हटल्या की सुरत आलीच. वहिनीचं मत सुरतेला. काशीचं मरण आणि सुरतेचं जेवण नशिबात लागतं असं गुजराती माणूस म्हणतो. मरणाची घाई नसल्यामुळे आपण जेवणापासून सुरुवात करू, असं ती म्हणाली. सकाळी लोचो, दुपारी थाळी, येताना घारीचा डबा. आत्याला मात्र उंधियुचं कौतुक सांगायला कोणी जाऊ नये. "मडक्यात कोनफळ, रताळी, वालपापडी, वांगी भरून जाळावर ठेवायची, हे आपण थंडीत परसात करतो. आपल्याकडे त्याला उकडहंडी म्हणतात आणि तिकीट काढावं लागत नाही."

सुरत पडली ती खरं तर पुरुषांच्या मतांवर. गुजरातेत दारूबंदी आहे. १ मे १९६०ला राज्यं वेगळी झाली तेव्हा मुंबई राज्याची बंदी गुजरातनं तशीच पुढे चालवली आणि महाराष्ट्रानं हळूहळू परवान्याचा मार्ग काढला. संयुक्त महाराष्ट्राचा लढा कशासाठी झाला, याचं आमच्या काकांकडे एक खाजगी उत्तर आहे, ते छापण्यासारखं नाही. "बस्त्याला जायचंय, बसायला नाही," असं आत्या म्हणाली. काका म्हणाले, "तत्त्वाचा प्रश्न आहे." मग कोणीतरी दमणचं नाव काढलं. दमणला साड्या मिळत नाहीत, हे वहिनीनं लगेच लक्षात आणून दिलं. शिवाय दमणहून परत यायला वापी लागतं आणि वापी गुजरातेत येतं, म्हणजे जे काही आणायचं ते पोटातूनच आणावं लागतं आणि तेही अंगाशी येऊ शकतं. काकांनी दोन मिनिटं दुःखद शांतता पाळली. मुंबई बहुमतानं मंजूर झाली.

दुसरा वाद वाराचा. हा वाद महाराष्ट्राबाहेरच्या माणसाला सात जन्मांत समजायचा नाही. आत्याचा सोमवार, दादाचा गुरुवार, काकांचा शनिवार, वहिनीची संकष्टी आणि दोन्ही एकादशा. मंगळवार कोणाचाच नाही, पण मंगळवारी मासे खाल्ले तर बरं दिसत नाही, असं घरात एक सर्वसाधारण मत आहे. रविवार सगळ्यांना चालतो, म्हणून त्या दिवशी रेल्वे ब्लॉक घेते. उरले बुधवार आणि शुक्रवार. त्यात पंचांगवाल्या मामांनी शुक्रवार खोडला. अशा रीतीनं महाराष्ट्रातली लाखो घरं बुधवारी बाहेर जेवतात. माशाच्या हॉटेलात बुधवारी जागा का मिळत नाही, याचा शोध लागला तो असा.

आता कुठे. इथे दोन तज्ज्ञ होते. एक शेजारचे भाऊ. तीस वर्षं सफाळे ते चर्चगेट अप-डाऊन करून निवृत्त झालेले. दुसरा माझा पुतण्या. वय वीस, हातात फोन.

अप-डाऊन करणाऱ्या माणसाला मुंबईत कुठे खायचं हे विचारणं हा आमच्याकडचा जुना रिवाज आहे आणि त्याचं फळही ठरलेलं आहे. या माणसानं मुंबई पाहिलेली असते ती स्टेशन ते ऑफिस एवढ्याच रुंदीची. तीस वर्षं त्यानं दुपारी बायकोनं दिलेली पोळी-भाजी खाल्ली. चर्चगेटला उतरून डावीकडे काय आहे, हे त्याला ठाऊक नाही, कारण ऑफिस उजवीकडे होतं. भाऊंना विचारलं तर ते मनापासून विचार करून म्हणाले, "विरारला गाडी बदलताना फलाटावर वडा बरा असतो." मुंबईतलं सांगा म्हटलं तर म्हणाले, "मुंबईत खायला वेळ कुठे असतो?" मग डोळे मिटून त्यांनी खरं काय ते सांगितलं. दसऱ्याला डबा सजवून पूजा व्हायची तेव्हाचे पेढे, कोणाच्या मुलाला नोकरी लागली तेव्हाची जिलेबी, दिवाळीनंतर महिनाभर चाललेला फराळ, आणि बोरिवलीला चढणाऱ्या एका सहकाऱ्याच्या घरचा ढोकळा. भाऊंची अख्खी खाद्ययात्रा दादर आणि विरारच्या मध्ये, उभ्यानं झाली होती. मला विचाराल तर त्यांनी काही चुकवलं असं वाटत नाही.

पुतण्याची यादी मोठी होती. तिची छाननी पाहण्यासारखी झाली.

ग्रँट रोडचं मेरवान. १९१४ सालचं इराणी हॉटेल, मावा केकसाठी प्रसिद्ध. पण तिथला केक सकाळीच संपतो, अशी त्याची ख्याती. सफाळ्याहून पहाटेची गाडी धरली तरी आपण पोचेपर्यंत मुंबईच्या माणसाचा केक खाऊन, चहा पिऊन, पेपर वाचून झालेला असणार. खोडलं. धोबीतलावचं कयानी त्याहून जुनं, १९०४चं. तिथला बन-मस्का आणि चहा सगळ्यांना मान्य झाला, पण बन-मस्का हे जेवण नव्हे, असं आत्याचं पडलं. पावाला लोणी लावून खायला एवढा प्रवास कशाला, या तिच्या प्रश्नाला कुणाकडेच उत्तर नव्हतं. क्रॉफर्ड मार्केटचं बादशाह, फालुद्यासाठी. ते १९०५पासून आहे, तेव्हा पुढच्या खेपेपर्यंतही राहील, म्हणून पुढच्या खेपेवर ढकललं.

माटुंग्याला रामा नायकांचं उडुपी, १९४२पासूनचं, केळीच्या पानावर जेवण. हे सर्वांना पटत होतं. तेवढ्यात भाऊंनी तांत्रिक मुद्दा काढला. माटुंगा मध्य रेल्वेवर आहे. आपल्या लाइनीवर आहे तो माटुंगा रोड. तिथे उतरून झेड पूल चढायचा, चालायचा, उतरायचा. झेड हे अक्षर आत्याच्या गुडघ्यांना परवडणारं नव्हतं. शिवाय केळीच्या पानावर जेवायला सफाळ्याच्या माणसानं, ज्याच्या परसात केळी आहेत त्यानं, माटुंग्याला जावं हे काकांना अपमानास्पद वाटलं.

पुतण्याचा खरा जीव अडकला होता बॅलार्ड इस्टेटच्या ब्रिटानियात. १९२३पासूनचं पारशी-इराणी हॉटेल, बेरी पुलाव. इराणातून येणारी ती आंबट लाल फळं, वर तळलेला कांदा आणि काजू. बोमन कोहिनूर हे तिथले मालक वृद्धापकाळातही टेबलाटेबलाशी जाऊन गिऱ्हाइकांशी गप्पा मारत. २०१९ साली सत्त्याण्णवाव्या वर्षी ते गेले. पुतण्या हे सगळं इतक्या भक्तिभावानं सांगत होता की क्षणभर वहिनीही विरघळली. मग दादानं शांतपणे विचारलं, "उघडं कधी असतं?" दुपारपुरतं. "आपली साड्यांची खरेदी संपणार कधी?" यावर कोणी बोललं नाही. चर्चगेटहून तिथे टॅक्सी, तिथून परत टॅक्सी, आणि मग जी गाडी मिळेल ती विरारपर्यंतचीच. बेरी पुलाव आमच्या घरात अजून न खाल्लेल्या पदार्थांत पहिल्या क्रमांकावर आहे. त्याची चव सगळ्यांना पाठ आहे.

उरलं दादर. ते उरणारच होतं. गोखले रोडवर, शिवाजी पार्काच्या अलीकडे-पलीकडे, स्टेशनपासून पायी जाता येईल अशा टप्प्यात मराठी माणसाचं पोट भरायची सोय आहे. प्रकाशचा साबुदाणा वडा आणि पियूष. सेनाभवनासमोरचं आस्वाद, १९८६चं. त्याच्या मिसळीला २०१५ साली लंडनमध्ये जगातल्या उत्तम शाकाहारी पदार्थाचं बक्षीस मिळालं होतं. वडापाव तर दादर स्टेशनाबाहेरच जन्माला आला, १९६६ साली अशोक वैद्यांच्या गाडीवर, असं सर्वत्र सांगितलं जातं. शिवाय साड्यांची दुकानंही तिथेच. वाडवळ, भंडारी, आगरी, कुणीही असो, पालघर तालुक्यातल्या माणसाची मुंबई दादरला सुरू होते आणि बहुतेक वेळा दादरलाच संपते. पुढची आठ स्टेशनं नोकरीसाठी.

खाण्याचं ठरलं. प्यायचं आत्यानं ठरवलं. कोणीही काहीही प्यायचं नाही.

हा नियम बाहेरच्यांना जाचक वाटेल. त्यांनी लोकलची रचना लक्षात घ्यावी. लोकलला शौचालय नसतं. अंधेरी-दादरच्या प्रवासाला ते नसलं तरी बिघडत नाही. पण डहाणू ते चर्चगेट १२४ किलोमीटर आहे, जवळजवळ तीन तास, आणि गाडी तीच. शटलला शौचालय असतं, म्हणून आमच्याकडची वयस्क मंडळी अजून शटलचीच वाट बघतात आणि पोरं त्यांना जुनाट म्हणतात. मधुमेह झाला की पोरांनाही शटल आवडू लागते. लोकलनं जायचं तर सकाळचा चहा अर्धा कप, पाणी ओठ ओले करण्यापुरतं. दादरला उतरल्यावर हॉटेल निवडताना आमच्या बायका आधी मेनूकार्ड बघत नाहीत. त्या आत जाऊन एक चक्कर मारून येतात. बाहेर येताना चेहरा समाधानी असेल तर बसायचं. नसेल तर पुढचं हॉटेल. खाण्यावर लिहिणारे मसाल्याबद्दल पानंच्या पानं लिहितात, पण ही एक गोष्ट कोणी लिहीत नाही. एकदा आत्याकडून परीक्षण लिहवून घ्यायला हवं. दोन ओळींत काम होईल.

आणि तरीही आत्यानं डबा घेतलाच. "बाहेर खायचंच आहे ना?" असं दादानं विचारलं, तर "गाडी रखडली तर?" हे उत्तर आलं. यावर वाद घालायची या मार्गावर सोय नाही. तीन पुडाचा डबा, जुन्या टॉवेलात गाठ मारून बांधलेला. वरच्या पुडात पानग्या. तांदळाचं पीठ थापून केळीच्या पानात भाजलेल्या. पान सोलून काढलं की पानाच्या शिरांच्या रेघा पानगीवर उमटलेल्या दिसतात आणि कडेला जरासा करपलेला वास येतो. मधल्या पुडात वालाची उसळ. खालच्या पुडात काय आहे ते तिनं सांगितलं नाही, पण बुधवार होता आणि सुक्या बोंबलाची चटणी स्वतःची ओळख स्वतःच करून देते. नालासोपारा गेल्यावर तो पूड उघडला गेला. गर्दीच्या लोकलमध्ये एवढी जागा मोकळी होऊ शकते हे मी त्या दिवशी पाहिलं. समोरची एक बाई मात्र जवळ सरकली आणि म्हणाली, "केळव्याकडच्या का तुम्ही?" तिचं माहेर माहीमचं निघालं, आमच्या केळवे-माहीमचं. तिला एक पानगी गेली. वसईपर्यंत डबा रिकामा झाला होता आणि मुंबईत खायचे सगळे बेत पोटात जागा नसल्यामुळे तहकूब झाले होते.

साड्या मात्र भूक जागी करतात. चौथ्या दुकानानंतर मिसळ झाली, साबुदाणा वडे झाले, पियूषला आत्यानं घोटभर सूट दिली. संध्याकाळी काका आणि पुतण्या यांनी बुधवार वाया जाऊ नये म्हणून माशाचं जेवण लावून धरलं. एका मालवणी हॉटेलात शिरलो. कार्डावर पापलेटच्या पुढे किंमत नव्हती, 'आकारानुसार' असं होतं. वेटर म्हणाला, "एकदम ताजं आहे मावशी, आजच आलंय."

"माहितीय," आत्या म्हणाली. "कुठून आलं तेही माहितीय."

सातपाटी हे पापलेटचं बंदर आमच्या पालघर तालुक्यातलं. २०२३ साली सरकारनं चंदेरी पापलेटला राज्यमासा केलं, तेव्हापासून आत्या त्याच्याबद्दल माहेरच्या माणसासारखं बोलते. राज्यमासा झाल्यावर भाव वाढला, भेट कमी झाली, अशी तिची तक्रार आहे. तिथे बसून तिनं हिशेब मांडला. आपण सफाळ्याहून गाडीनं आलो, हा पापलेट सातपाटीहून टेंपोनं आला. सकाळी मिसळीवर पडलेली कोथिंबीर विरारच्या पुढच्या कुठल्यातरी बाईनं पहाटेच्या गाडीत गाठोडं टाकून दादरला आणलेली. कोपऱ्यावर पानाच्या गादीवरचं पान केळव्याचं असू शकतं. उन्हाळा असता तर फुटपाथवर ताडगोळेही आपलेच दिसले असते, आणि पावसाच्या तोंडावर बहाडोलीची जांभळं, ज्यांना भौगोलिक मानांकन मिळालंय. "म्हणजे आपण तिकीट काढून आपल्याच घरचं खायला आलो," ती म्हणाली. "फक्त इथे बशीखाली कागदी रुमाल देतात."

काकांनी पापलेट मागवला. चांगला होता. आत्यानं त्यातला डोक्याकडचा भाग घेतला आणि मीठ कमी आहे म्हणाली. घड्याळात बघून दादा उठला, बिल उभ्यानं दिलं गेलं, सोलकढी पुतण्यानं दारात प्यायली. गाडी मिळाली. विरारनंतर बसायलाही मिळालं.

आता या सगळ्याची दुसरी बाजू. मुंबईकरही खाण्याचा बेत करून आमच्याकडे येतात. तांदुळवाडीच्या किल्ल्यावर चढणारे, केळव्याच्या समुद्रावर जाणारे, आणि २०२५ साली मारंबळपाड्याहून जलसारला रो-रो बोट सुरू झाल्यापासून विरारची मंडळी गाड्याच बोटीवर चढवून येतात. पूर्वी ज्या वळशाला तास-दीड तास लागायचा तो आता खाडीतल्या काही मिनिटांत सरतो. उतरल्या उतरल्या ते विचारतात, "इथलं स्पेशल काय?" आणि हॉटेलच्या फलकावर बघतात तर पनीर टिक्का, व्हेज मंचुरियन, शेजवान राइस. मुंबईचा माणूस ७० किलोमीटर येऊन मंचुरियन खातो आणि आमचा माणूस तेवढंच अंतर उलटं जाऊन केळव्याचं पान खातो. दोघंही परतीच्या गाडीची चिंता करत असतात, एवढंच साम्य.

आमच्याकडे चांगलं जेवण नाही असं कुणी समजू नये. ते फलकावर नाही. ते घराघरांत आहे, आणि घरगुती जेवण देणाऱ्यांकडे सांगावं लागतं. फोनवर तारे मोजून ते सापडत नाही. आगाशीच्या भुजिंगचं नाव विरारपार झालं, निखाऱ्यावरची कोंबडी आणि पोहे मिळून काय होतं ते लोकांना कळलं, ठीक आहे. उकडहंडीला अजून तो योग यायचाय. ती थंडीतच होते, मडकं लागतं, जाळ लागतो, तास-दीड तास थांबायची तयारी लागते, आणि ऐनवेळी येऊन 'काय आहे?' विचारणाऱ्याला ती मिळत नाही.

तेव्हा येणार असाल तर आदल्या दिवशी कळवा. मासळी की कोंबडी ते सांगा, किती माणसं ते सांगा, आणि त्यांतल्या कोणाचा वार आहे का तेही विचारून ठेवा. शटलनं आलात तर बरं. पनीर मिळणार नाही.